शेतातली फवारणी, फुफ्फुसातली बुरशी

गव्हावर पडणारा तांबेरा आणि माणसाच्या फुफ्फुसात वाढणारी बुरशी यांचा परस्परांशी काय संबंध? एकाची चिंता शेतकऱ्याला, दुसरीची डॉक्टरांना. मात्र दोघांच्या हातातले औषध बहुधा एकाच कुळातले असते, आणि दिल्लीतील संशोधकांना या नात्यातच एक गंभीर धोका दिसून आला आहे.

हे कुळ म्हणजे ट्रायाझोल. फुफ्फुसातील बुरशीवर डॉक्टर इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल देतात. शेतकरी टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, हेक्झाकोनाझोल फवारतो. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागाइतदारांना भुरी रोगामुळे ही नावे तोंडपाठ असतात. नावे निराळी, पण काम एकच. बुरशीच्या पेशीचे आवरण ज्या घटकामुळे टिकते, तो घटकच ही औषधे तयार होऊ देत नाहीत.

मातीत सापडलेला माग

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात आणि आपण सारेच ते रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी माणसाचे त्याने काही बिघडत नाही. पण कर्करोगावर उपचार घेणारे, अवयवरोपण झालेले किंवा क्षय बरा होऊनही फुफ्फुसात पोकळी राहिलेले रुग्ण असले, की तिथे ती मूळ धरते. आपल्या देशात क्षयरोगाचा प्रसार पाहता हा शेवटचा गट काही लहान नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली दोन रुग्णांची नोंद केली. त्यांच्या बुरशीवर ट्रायाझोल औषधे चालत नव्हती. नवलाची गोष्ट म्हणजे दोघांनीही ती औषधे पूर्वी घेतलेली नव्हती. मग त्यांच्या शरीरातली बुरशी हे औषध पचवायला शिकली कुठे?

उत्तरासाठी संशोधक मातीकडे वळले. भातशेती, चहाचे मळे, अगदी इस्पितळाच्या बागेतील कुंड्यांमधूनही नमुने घेण्यात आले. त्यांतून मिळालेल्या या बुरशीच्या 630 नमुन्यांपैकी 44, म्हणजे 7 टक्के, औषधाला दाद देत नव्हते. या 44 नमुन्यांचा जनुकीय ठसा एकच निघाला आणि तो रुग्णांच्या बुरशीशीही जुळला. हॉलंडमध्ये असा प्रकार आधीच आढळला होता आणि तिथेही संशयाची सुई शेतीतील बुरशीनाशकांकडेच वळली होती.

यात शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याचा नेम पिकावरच्या रोगावर असतो. पण फवारा मातीतही उतरतो, आणि तिथल्या असंख्य बीजाणूंपैकी जे तगतात त्यांचीच प्रजा पुढे वाढते.

सफरचंदावर कॅन्डिडा

याच गटाने कॅन्डिडा ऑरिस या दुसऱ्या बुरशीचाही पाठपुरावा केला. 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडलेली ही बुरशी अतिदक्षता विभागात रक्तात शिरते आणि अनेक औषधांना जुमानत नाही. दिल्लीतील दोन इस्पितळांतल्या 12 रुग्णांचा वृत्तांत 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 2022 मध्ये संशोधकांनी 62 सफरचंदे तपासली, त्यांपैकी 8 सफरचंदांच्या सालीवर ती मिळाली. ही आठही साठवणीतील फळे होती. झाडावरून नुकत्याच तोडलेल्या फळांवर ती नव्हती. साठवणीसाठी फळांवर बुरशीनाशके वापरली जातात, म्हणून ही शंका महत्त्वाची. सफरचंद खाणे सोडण्याचे मात्र मुळीच कारण नाही, नळाखाली नीट धुऊन घ्यावे.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची यादी जाहीर केली. सर्वांत वरच्या गटात या दोघींची नावे आहेत.

नवे औषध आले की प्रश्न सुटेल, असेही नाही. ओलोरोफिम नावाच्या नव्या औषधाच्या रुग्णांवर चाचण्या सुरू असतानाच, त्याच पद्धतीने काम करणाऱ्या इप्फ्लुफेनोक्विन या शेतीच्या बुरशीनाशकाला अमेरिकेत 2022 मध्ये परवानगी मिळाली. एकाला सरावलेली अ‍ॅस्परजिलस दुसऱ्यालाही दाद देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. ट्रायाझोलचा अनुभव गाठीशी असताना हे व्हावे, याला काय म्हणावे?

बुरशीवर बुरशी

म्हणूनच जैविक रोगनियंत्रण हा विषय आता केवळ शेतकऱ्यांचा राहिलेला नाही. दिल्लीतच पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत ट्रायकोडर्मा या हिरवट मित्रबुरशीवर बरीच वर्षे काम झाले आहे. ती रोगकारक बुरशीभोवती वेटोळे घालते, तिची भिंत विरघळवते आणि मुळाजवळची जागा व अन्न बळकावते. हरभऱ्याच्या मर रोगासाठी किलोभर बियाण्याला साधारण 4 ते 5 ग्रॅम भुकटी चोळतात, किंवा ती शेणखतात मिसळून जमिनीत देतात. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानेही द्राक्षांसाठी ट्रायकोडर्मा व बॅसिलस जिवाणूचा अभ्यास केला आहे.

तरीही तिला रामबाण समजणे चुकीचे ठरेल. तिचा उपयोग रोग येण्यापूर्वी. एकदा तांबेरा शेतभर पसरला की ती हतबल होते, आणि अशा वेळी शेतकरी पुन्हा ट्रायाझोलकडेच वळतो. शिवाय ही भुकटी जिवंत असते. उन्हात ठेवलेल्या किंवा मुदत उलटलेल्या पाकिटात ती मेलेली असू शकते. रासायनिक बुरशीनाशकाबरोबर एकाच पंपात मिसळली, तर पैसे वाया जातात. घेताना पाकिटावरची तारीख आधी पाहावी.