कापडी कुंडी गळत नाही

कापडी कुंडी म्हटली की पहिला आक्षेप येतो तो पाण्याचा. चहूबाजूंनी झिरपणाऱ्या पिशवीत झाड लावायचं, तेही रावेरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणजे पाण्याची नासाडीच. यात निम्मं खरं आहे. ही पिशवी सुती नसते; पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या, घोंगडीसारख्या दाट कापडाची असते. मातीने धरून ठेवलेलं पाणी त्यातून वाहून जात नाही, जास्तीचं तेवढं निथळतं. पुढे जे घटतं ते वाफ होऊन. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणाने. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला ही सोय नाही. तिची उन्हाकडची बाजू तापते आणि त्या बाजूची कोवळी मुळं आधी जळतात. कापडी कुंडी पाणी जास्त मागते हे मान्यच, पण त्या पाण्याने मुळांना गारवा मिळतो. माती पार कोरडी पडली की तो गारवाही संपतो, म्हणून उन्हाळ्यात एक दिवसाचं दुर्लक्षसुद्धा हिला सोसत नाही.

हवेचा मुद्दा याहून मोठा आहे, आणि तो सांगायला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वाफसा. ओल आहे, पण चिखल नाही; मुळाला पाणी मिळतं आणि श्वासही घेता येतो. बंद कुंडीत पाणी घातल्यावर ही स्थिती यायला वेळ लागतो, कापडीत ती लवकर येते. मुळं कापडापाशी सुकतात म्हणजे झाडाचं नुकसान, हीही एक समजूत. प्रत्यक्षात कडेला पोचलेल्या मुळाचं टोक हवेने सुकलं की मागच्या भागातून नवे फाटे फुटतात आणि मातीचा गोळा तंतुमुळांनी भरतो. उलट प्रकार रावेरच्या केळीच्या पट्ट्याला परिचयाचा आहे. टिश्यूकल्चरचं रोप प्लास्टिकच्या पिशवीत गरजेपेक्षा जास्त दिवस राहिलं की मुळं आतल्या आत वेटोळी घालू लागतात. कापडात तसं होण्याची शक्यता बरीच कमी असते.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज मात्र मातीचा आहे. ज्या काळ्या कसदार जमिनीत केळीच्या बागा उभ्या राहतात, तीच माती पिशवीत भरली की झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण शेतात या मातीला खोली मिळते. चार बाजूंनी आवळलेल्या पिशवीत तिची चिकणमाती ओली झाली की फुगते, हवेच्या जागा बुजवते, आणि वाळली की आकसते. आकसलेला गोळा कापडापासून सुटतो, मधे फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली उतरतं, मधली माती कोरडीच राहते. आपण म्हणतो, कापड गळतं. दोष कापडाचा नाही, आत भरलेल्या मातीचा आहे. काळी माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग आणि कोकोपीट एक भाग, त्यात थोडी जाड वाळू, एवढ्याने ही फट बरीच टळते. तळाशी खडे घालायची गरज नाही. त्यांनी निचरा सुधारत नाही, मुळांची जागा तेवढी जाते. वजनाचाही विचार हवा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या, ३० सेंटिमीटर उंच पिशवीत सुमारे ३८ लिटर माती मावते. नुसती ओली काळी माती भरली तर ती ६० किलोंच्या वर जाते. जुन्या धाब्याच्या घरावर अशा पिशव्यांची रांग मांडणं धोक्याचं आहे.

आता खरा कठीण प्रश्न. रावेर आणि यावल तालुक्यांत जमिनीतलं पाणी भरतं त्याहून जास्त उपसलं जातं. अशा ठिकाणी पाणी जास्त पिणारी कुंडी सुचवावी का? मला वाटतं, सुचवावी, पण अटींवर. पिशव्या सुट्या न ठेवता एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, म्हणजे उघडी बाजू कमी होते. पश्चिमेकडून हिरवी जाळी किंवा भिंतीचा आडोसा हवा. केळीच्या बागेला वाऱ्याच्या बाजूने शेवरी लावतात, त्यातला विचार हाच. मातीवर केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन घालावं, ते इथे मुबलक आहे. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पिशव्यांना चालतं. इतकं करूनही मे महिन्यात भागत नसेल, तर त्या महिन्यात पिशव्या रिकाम्या ठेवण्यात काही गैर नाही.

कापडावर बाहेरून पांढरा थर दिसला की बुरशी समजून पिशवी टाकून देतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वाफेबरोबर उडत नाहीत, ते कडेला साचतात. बहुतेक वेळा तो थर त्यांचाच असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीला स्वस्त पर्याय म्हणतात, पण तिचे विणलेले धागे उन्हाने लवकर भुगा होऊन मातीत मिसळतात. जाड कापडही शेवटी प्लास्टिकच आहे, उन्हाने तेही ठिसूळ होतं. ते जास्त टिकतं, एवढाच फरक. मेथी-पोकळ्याला १५-२० सेंटिमीटर खोली पुरते. भरताच्या वांग्याला मात्र वर सांगितलेली ३८ लिटरची पिशवी द्यावी, आणि रोप जून-जुलैत लावावं, उन्हाळाभर साचलेले क्षार पावसाने धुऊन गेल्यावर.