दुधाचा पगार

सोलापूर जिल्ह्यात ज्वारी पावसाच्या भरवशावर आणि ऊस उजनी धरणाच्या पाण्यावर. घरात नेमाने पैसा येतो तो दुधाचा, दर दहा दिवसांनी. त्यावरच किराणा, दवाखाना, पोरांची फी भागते.

ही घडी सहकाराने बसवली. जनावरं इथे आधीपासून होतीच. पण खिल्लार गुरं औताची, दुधाला बेताची. आणि लांब तलवारीसारख्या शिंगांच्या पंढरपुरी म्हशीचं दूध गवळी म्हणेल त्या भावाने जायचं. १९४६ साली गुजरातेत आणंदला खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ उभा राहिला. १९७० नंतर दूध महापूर योजनेने तीच साखळी देशभर नेली: गावात दूध संस्था, मग शीतकरण केंद्र, वर जिल्हा संघ. सोलापूर जिल्हा संघाचं दूध ‘दूधपंढरी’ नावाने विकलं जाऊ लागलं. माळशिरस तालुक्यात ‘शिवामृत’ दूध संघ उभा राहिला. गोठ्यात संकरित गायी आल्या.

संस्थेवरचा विश्वास मात्र एका काचेच्या नळीने कमावला. नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवली की नळी हाताला चटका देई. मग ती यंत्रात गरगर फिरवायची. दुधाचा दर ज्यावर ठरे ते फॅट वर येऊन दांडीवरच्या रेघांशी थांबायचं. भूमिहीन बाईचं दोन लिटर असो वा बागायतदाराची भरलेली किटली, फॅटचा आकडा त्याच नळीत दिसायचा. गवळ्याच्या अंदाजातून सुटका झाली ती इथे. माझ्या मते सहकाराची सर्वात मोठी कमाई हीच.

१९९१ नंतर दुग्धव्यवसाय खासगी कंपन्यांना खुला झाला आणि गावोगाव त्यांची संकलन केंद्रं निघाली. रोखीचा दर, पेंडीची उधारी, गोठ्यासाठी उचल. उत्पादक तिकडे वळला यात त्याचा दोष नाही. जिल्हा संघाचं संकलन घटत गेलं. संघाच्या निवडणुकीत जेवढी ताकद लागते तेवढी दूध वाढवण्यात लागली असती, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

खासगी केंद्रात दर पडला तर जाब विचारायला वार्षिक सभा नसते. संस्थेत सभासद उठून उभा राहू शकतो, ताळेबंद मागू शकतो. आणि दर पडतोच: २०२४ मध्ये गाईच्या दुधाचा दर कोसळला तेव्हा सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. जिल्हा संघ सावरायचा तर आधी गावच्या संस्थेची वार्षिक सभा भरली पाहिजे, आणि नळीच्या जागी आलेल्या फॅटच्या मशिनची तपासणी सभासदांसमोर झाली पाहिजे.