तास सुरू होण्याआधीची जर्मनी

हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं. बहुतेक विद्यापीठांत तास मात्र महिन्याच्या मध्याला भरू लागतात. हे मधले दिवस सुट्टीचे समजू नयेत.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे ‘आन्मेल्डुंग’, करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र हवं. नुसत्या भाडेकरारावर सहसा भागत नाही. म्हणून खोली ठरवतानाच विचारा, नोंदणीचं पत्र मिळेल ना? टाळाटाळ झाली, तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ लवकर मिळत नाही, तिच्या मागे आधीपासूनच लागावं. नोंदणीनंतर करक्रमांक टपालानेच येतो. तिथे पत्त्यात सहसा फ्लॅट क्रमांक नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. किल्ली हाती आली की त्याच दिवशी पेटीवर आडनाव लावा. बँकेची, विम्याची महत्त्वाची पत्रं याच पेटीत पडायची असतात.

पैशांचं गणित इथूनच मांडून न्या. विद्यार्थी व्हिसासाठी उघडलेल्या ‘ब्लॉक्ड’ खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असले, तरी दरमहा ९९२ युरोच हाती येतात. खोलीची अनामत मात्र मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते. ती रक्कम वेगळी ठेवाच.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री पोहोचणार असाल तर दशम्या-चटणी सोबत असू द्या.