वाळवंट कळते ते परतताना

जैसलमेरच्या सहलीचा शेवटचा दिवस सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत आटोपतो: सकाळी नाश्ता, मग परतीचा प्रवास. आदल्या दिवशी मात्र वर्णनाला बहर आलेला असतो. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावाजवळ वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त, उंटाची फेरी, रात्री तंबूत कालबेलिया नाच. पैसे त्यासाठीच मोजलेले असतात, त्यामुळे उरलेला दिवस हिशेबात धरायचा नाही असे जणू ठरूनच गेले आहे. थरचे वाळवंट समजून घ्यायचे असेल तर हा हिशेब उलटा आहे. समची उघडी, वाऱ्याबरोबर सरकणारी वाळू डोळ्यांना सुखावते, पण थरमध्ये ती अपवाद आहे. इथल्या बहुतेक टेकड्या झाडोऱ्याने जागच्या जागी बांधून ठेवल्या आहेत, आणि जैसलमेरच्या आसपास तर मैलोन्‌मैल नुसता खडकाळ माळ आहे. माणसे या मुलखात शतकानुशतके कशी राहिली, याचे उत्तर समला मिळत नाही. ते जैसलमेर ते जोधपूर या तीनशेएक किलोमीटरच्या परतीच्या वाटेवर विखुरलेले आहे.

या वाटेवर काय बदलते ते आकड्यांतून चटकन दिसते. जैसलमेरला वर्षाला सुमारे दोनशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो, जोधपूरला साडेतीनशेच्या आसपास. मुंबईत एवढा पाऊस जुलैतल्या एका दिवसात पडल्याची उदाहरणे आहेत. पण या दीडशे मिलिमीटरच्या फरकावर लोकवस्ती कशी वाढते पाहा. 2011च्या जनगणनेत जैसलमेर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 17 माणसे होती, जोधपूर जिल्ह्यात 161. केवळ पावसाने हे घडले असे म्हणता येणार नाही, कारण जोधपूर मोठे शहर आहे. तरी पाण्याच्या दिशेने वस्ती दाटत जाते हे खरे. आणि जिथे पाणी कमी, तिथे माणसाची कारागिरी जास्त. जैसलमेरच्या खडकाळ उतारांवर पाऊस मुरत नाही, वाहून जातो. या दोषाचाच उपयोग करून पालीवाल ब्राह्मणांनी खडीन ही शेतीची पद्धत रुजवली. उताराच्या पायथ्याशी लांबलचक मातीचा बांध घालायचा, भोवतालच्या उजाड माळावरचे पाणी आणि गाळ तिथे अडवायचा, पाणी जिरले की हिवाळ्याच्या तोंडावर त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पाणी पुरवणारा माळ शेताहून कितीतरी पट मोठा लागतो, म्हणून एका हिरव्या तुकड्याभोवती एवढे ओसाड रान दिसते. ते रान रिकामे नसते. ते त्या शेताचे छप्पर असते आणि बांध म्हणजे पन्हळ. पुढे फलोदी-ओसियांकडे सरकताना शेतांच्या मधोमध खेजडीची झाडे दिसू लागतात. ही आपली शमीच. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. तिथे तिच्या शेंगांची भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना जातो आणि खाली बाजरी पिकते. देवाच्या नावाने राखलेल्या रानाला ते ओरण म्हणतात, आपण देवराई म्हणतो. पावसाचे पाणी साठवायच्या तिथल्या टांक्याला आणि आपल्या गडांवरच्या टाक्याला तर शब्दही जवळपास एकच आहे.

यावर पहिला आक्षेप मानसशास्त्राच्या बाजूने येऊ शकतो. कुठल्याही अनुभवाची आठवण त्याच्या उत्कट क्षणावर आणि शेवटावर ठरते, असे डॅनियल कानेमन यांचे प्रसिद्ध प्रतिपादन आहे. 1993च्या एका प्रयोगात लोकांनी हात थंडगार पाण्यात मिनिटभर बुडवला. दुसऱ्या खेपेला त्याच मिनिटानंतर आणखी अर्धा मिनिट, पण पाणी किंचित कमी गार करत. पुन्हा करायचे तर कोणते, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. मग तंबूतल्या रात्रीचा गोड शेवट धुळीच्या प्रवासाने कशाला बिघडवायचा? पण हात दीड मिनिट पाण्यात असतो, सहल आठवडाभराची असते. न्यूझीलंडमधल्या विद्यार्थ्यांच्या सुट्टीवर 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा नियम फारसा चालला नाही. सुट्टीतल्या सर्वांत लक्षात राहिलेल्या दिवसाने आठवणीचा अंदाज निदान तितकाच चांगला दिला. म्हणजे शेवटच्या दिवसाने सहल बिघडेल ही भीती जरा जास्तच आहे. तो दिवस स्वतःच लक्षात राहण्याजोगा करता येतो.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: खिडकीतून दिसते ते कळतेच असे नाही. खरे आहे. खडीन काय हे ठाऊक नसेल तर तो बांध म्हणजे मातीची एक ओळ. पण समच्या टेकडीवरही काही आपोआप कळत नाही, तिथे उंटवाला आणि वेळापत्रक दोघेही घाई करतात. परतीच्या दिवशी निदान घाई नसते. फलोदीजवळ खीचनला हिवाळ्यात उतरणारे कुरजां पक्षी आणि त्यांना दाणे घालणारे गाव हा थोड्या वळशाचा थांबा आहे, फक्त तिथे सकाळी पोहोचावे लागते. अडचण एकच मोठी. रातोरात जैसलमेर-जोधपूर अंतर कापणाऱ्या गाडीत हे सगळे झोपेत निघून जाते, आणि वेळ वाचला म्हणून आपण खूश होतो. हा टप्पा दिवसाउजेडी करावा.

जोधपूरहून मारवाड जंक्शनमार्गे मुंबईकडे निघालेली गाडी लूणी नदी ओलांडते. बहुतेक वेळा पुलाखाली कोरडे पात्रच असते. अजमेरजवळ उगम पावणाऱ्या या नदीचे पाणी बालोतऱ्याच्या सुमारास खारट होते, तिचे नावही लवणावरूनच आलेले आहे, आणि पुढे ती कच्छच्या रणात विरून जाते. तिच्या पलीकडे काही तासांवर अरवलीची रांग येते. ही रांग अरबी समुद्राकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना आडवी नाही, समांतर उभी आहे, म्हणून ढग तिच्या कडेकडेने निघून जातात आणि पश्चिमेचा मुलूख कोरडा राहतो. आबू रोडला गाडी थांबली की फलाटावर रबडी विकणारे येतात. वाळवंट तोवर मागे पडलेले असते.