मान आणि भोवळ

संस्कृतांत मानेला ‘कंधरा’ असा एक शब्द आहे. ‘कं’ म्हणजे डोकें. तें धारण करणारी ती कंधरा. नांदेड जिल्ह्यांतील कंधार गांवाच्या नांवाशीं या शब्दाचें नातें असेलच असें नाहीं. पण उन्हाळ्यांत त्या तालुक्यांतील वाडी-तांड्यांवर डोक्यावर घागरी घेऊन येणाऱ्या बायकांची रांग पाहिली म्हणजे तो अर्थ आठवल्यावांचून राहत नाहीं.

माणसाच्या डोक्याचें वजन सुमारें ५ किलो असतें. चुंबळीवर १५ लिटरांची भरली घागर ठेवली कीं मानेवरचा भार एकदम चौपट होतो. पाणी हिंदकळूं नये म्हणून मान ताठ धरून, केवळ डोळे फिरवीत चालावें लागतें. पुढें मान दुखणें हें तर ओघानेंच आलें. परंतु कित्येकींना त्याबरोबर दुसरीही पीडा जडते. मान वळवतांच जमीन सरकल्यासारखी वाटते, पाय अडखळतो, पोटांत ढवळून येतें. घरचीं माणसें ‘पित्त झालें’ म्हणून लिंबूसरबत देतात आणि तो विषय तेथेंच संपतो. शहरांत शिवणयंत्रावर किंवा संगणकापुढें तासन् तास मान वांकवून बसणारांचीही हीच तक्रार असते.

मानेचा भोवळीशीं संबंध तो काय? शरीराचा तोल तीन साक्षीदारांच्या जबानीवर चालतो. डोकें कोणत्या दिशेनें व किती वेगानें फिरलें, हें कानाच्या आंतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात. भोंवतालचें जग स्थिर आहे कीं हललें, हें डोळे सांगतात. परंतु डोकें धडावर किती वळलें आहे, ही गोष्ट कानाला कळण्यासारखी नाहीं. ती कळते मानेच्या सांध्यांना, आणि विशेषतः कवटीच्या तळाशीं असलेल्या लहान स्नायूंना. ताण मोजणारे सूक्ष्म तंतू या स्नायूंत फार दाटीनें असतात. स्नायू आखडले कीं त्यांचा निरोप चुकूं लागतो. तिघांच्या जबान्या जुळेनाशा झाल्या म्हणजे मेंदू गोंधळतो. हाच गोंधळ माणसाला भोवळ म्हणून जाणवतो. तोलाच्या केंद्रांचे मज्जातंतू वांतीच्या केंद्रापर्यंत पोंचलेले असल्यामुळें मळमळही सुटते.

रायन व कोप यांनीं १९५५ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत या विकाराचें वर्णन करून त्याला मानेची भोवळ असें नांव दिलें. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगांत माणसांच्या मानेंत बधिर करणारें औषध टोंचलें, तेव्हां त्यांचा तोल खरोखरच बिघडला.

मात्र येथें घाई उपयोगाची नाहीं. भोवळ आणि मानदुखी एकत्र आली कीं सारा दोष मणक्यांवर ढकलण्याची चाल पडली आहे. पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या मणक्यांत कांहीं ना कांहीं झीज क्ष-किरणांत दिसतेच, मग भोवळ असो वा नसो. अंथरुणांत कूस बदलतांच घर गरगर फिरूं लागलें आणि मिनिटाच्या आंत थांबलें, तर खरा अपराधी बहुधा कान असतो. तेथील चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेंत शिरलेले असतात. डोकें ठराविक क्रमानें वळवून डॉक्टर ते कण परत जागीं नेतात. एप्ली यांची ही रीत १९९२ सालीं प्रसिद्ध झाली. मानेची भोवळ अशी गरगरत नाहीं. ती मंद, तरंगल्यासारखी, मिनिटें किंवा तास टिकणारी, आणि मान दुखेल तशी वाढणारी असते. ती ओळखण्याची एक युक्ति मोठी सुबोध आहे. रोग्याचें डोकें स्थिर धरून फिरत्या खुर्चीवर फक्त धड वळवितात. कानाला कांहींच हालचाल कळत नाहीं, मान मात्र पिळली जाते. तरीही भोवळ आली, तर संशय मानेकडे वळतो. तरीसुद्धां इतर कारणें तपासून बाजूला सारल्याशिवाय निदान पक्कें होत नाहीं.

उपचार साधे आहेत: शेक, पातळ उशी, ओझ्याच्या खेपा लहान करणें, आणि शिकविल्याप्रमाणें मानेची हळुवार हालचाल. पट्टा महिनोन् महिने बांधल्यास स्नायू अधिकच दुबळे होतात. भोवळ थांबविणाऱ्या गोळ्याही दीर्घकाळ घेऊं नयेत. त्यांनीं मेंदूची सांवरण्याची शक्ति मंदावते.

याउलट केशकर्तनालयांत तेल चोळून झाल्यावर कडकन् मान मोडून घेण्याची हौस धोक्याची आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या जातात. अशा हिसक्यानें त्यांचें आंतील अस्तर फाटून मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. क्वचित् घडणारी गोष्ट खरी. पण दुखऱ्या मानेचा माणूसच अशा हिसक्यासाठीं खुर्चीवर बसतो, हें विसरतां येत नाहीं. भोवळीबरोबर बोलणें अडखळलें, एकाचे दोन दिसूं लागले, एका अंगाची शक्ति गेली किंवा मानेंत पूर्वीं कधीं नव्हती अशी कळ आली, तर शेक-तेलांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि रोग्याला नांदेडसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या ठिकाणीं हलवावें. अशा वेळीं पहिले कांहीं तासच हातांत असतात.