पाठीचं दुखणं आणि नाकारलेली पेन्शन

महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले अनेक बंधू आपल्या वस्त्यांत आहेत. पाठीवरचं ओझं, डोंगरातली चढण, ट्रकचे हादरे यांनी मणक्याची गादी सरकते, कळ पायात उतरते. मेडिकल बोर्ड मात्र लिहितं, ‘आजार सेवेमुळे नाही’, आणि अपंगत्व पेन्शन नाकारली जाते.

ते पत्र आलं की गप्प बसू नका. 6 महिन्यांत पहिलं अपील करा. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

अपिलात विचारा : भरतीच्या तपासणीत पाठीचा आजार नोंदला होता का? नसेल, तर तो सेवेतच झाला असं धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम लागतात.

बोर्डाचे कागद, डिस्चार्ज कार्ड, एमआरआय जपून ठेवा. नसतील तर माहिती अधिकारात सागरच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाला मदत मिळते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं.

आणि पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा सुटला, तर कागद बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जयभीम!