अपस्मार, निद्रा आणि अंगठ्याचा दाब

अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूचा विद्युत्-आलेख काढावयाचा असला म्हणजे डॉक्टर पुष्कळदा त्यास आदल्या रात्री जागावयास सांगतात. कारण पुरेशी झोप झालेल्या मेंदूत जो दोष दडून राहतो, तो जागरणाने शिणलेल्या मेंदूच्या आलेखात उमटण्याचा संभव अधिक, आणि जागरण व झटका यांच्या नात्याचा याहून बोलका दाखला शोधूनही सापडावयाचा नाही. ज्याला जागरण इतके महाग पडते त्यालाच निद्रा दुर्मिळ व्हावी, ही या व्याधीची क्रूर थट्टा होय: रात्रीचा झटका झोप मोडतो, पुढच्याचे भय ती येऊ देत नाही, आणि फेनोबार्बिटोनसारखी जुनी औषधे दिवसभर अशी सुस्ती आणतात की, तो थकवा घरच्या मंडळींस निव्वळ आळस वाटतो.

अशा माणसास कवडीचाही खर्च न पडता करता येण्याजोगी एक गोष्ट म्हणजे चिनी वैद्यकातील बिंदुदाब. तळहात वर करून मनगटाच्या आडव्या रेषेवर करंगळीच्या बाजूस जी खोलगट जागा लागते ती ‘शेनमेन’, म्हणजे चैतन्याचे द्वार. त्याच रेषेपासून कोपराकडे तीन बोटांवर, दोन कंडरांच्या मध्ये ‘नेइग्वान’. निजण्यापूर्वी दिवा मंद करून, श्वास संथ ठेवीत, दोन्ही हातांवर एक-दोन मिनिटे, दुखणार नाही इतपत अंगठा टेकवावा. पायाच्या आतील घोट्याच्या वर चार बोटांवर, नडगीच्या हाडामागे आणखी एक बिंदू आहे. तो मात्र गर्भवतीने वर्ज्य करावा.

याने निद्रा सुधारते असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. पण झटक्यांबाबत म्हणाल तर, बिंदूंवर दाबाऐवजी सुया टोचण्याच्या पद्धतीचा 2014 साली कोक्रेन संस्थेने जो आढावा घेतला, त्यातही विश्वसनीय पुरावा हाती लागला नाही. माझी अटकळ अशी की, निम्मे श्रेय त्या मंद दिव्याचे आणि घटकाभराच्या निवांतपणाचे असावे, असेना का! गोळीची वेळ चुकविण्याची सबब म्हणून कोणी अंगठा पुढे करू लागला, तर मात्र तो नाहक जिवावर उदार झाला म्हणावयाचे.

आणि घरच्यांनो, हा उपाय निजण्यापूर्वीचा आहे. प्रत्यक्ष झटका आला असता हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही कोंबू नका, कांदा-जोडा हुंगवू नका. रुग्णास कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, आणि पाच मिनिटे उलटली तर त्यास तत्काळ इस्पितळात न्या.